अध्यक्षसाहेबांच्या परीक्षेवर आलेली पत्रं

४ जानेवारी २००६, बुधवार

आमच्या मंडळाचं परिपत्रक आलं, मुंबईहून. तीन पानं, खाली अध्यक्षसाहेबांची झोकदार सही. १ एप्रिलपासून म्युच्युअल फंड विकणाऱ्या प्रत्येक एजंटाला परीक्षा. संगणकावर, फक्त इंग्रजीत. वयाची सूट नाही, अनुभवाची नाही. नापास झाला की परवाना रद्द.

हरकती २० फेब्रुवारीपर्यंत कळवायच्या. तमिळनाडूतल्या सगळ्या आमच्या चेन्नई शाखेत येणार. त्या वाचून मुंबईला सारांश पाठवायचं काम माझं. आमचे शाखाप्रमुख नटराजन सर म्हणाले, "अनघा, मुंबईची भाषा तुलाच कळते." मी सांगलीची आहे, हे त्यांना तीन महिन्यांत चारदा सांगून झालं.

नियम मला पटला. बाबांना एका एजंटाने कोऱ्या फॉर्मवर सही करायला लावून त्यांचे पैसे बुडवले होते, ते मी विसरलेले नाही. परीक्षा हवीच.

५ जाने.

पेपरात अध्यक्षसाहेबांची मुलाखत. "ज्याला एक साधी परीक्षा देता येत नाही, त्याने लोकांच्या पैशाला हात लावू नये." फोटोत हसतायत.

सेल्वीने (आमची टायपिस्ट, माझ्या शेजारच्या टेबलावर) कात्रण काढून फाइलला लावलं. म्हणाली, "मॅडम, उद्यापासून पोस्टमनला दोन खेपा."

७ जाने., शनि.

दोन नाही, तीन खेपा.

बहुतेक पत्रं तमिळमध्ये. सेल्वी वाचते, इंग्रजीत सांगते, मी टिपून घेते. असं ऑफिस मी आजवर पाहिलं नव्हतं. मदुरैचे एक निवृत्त हेडमास्तर, आता एजंट. त्यांनी अध्यक्षसाहेबांच्या परिपत्रकातल्या इंग्रजीच्या चुका लाल शाईत सुधारून तेच परत पाठवलंय. वर शेरा : दहापैकी चार. अक्षर बरे, विचार घाईचा.

कुंभकोणमहून एक कार्ड : "आमच्याकडे दुपारी वीज जाते. परीक्षा दुपारी असेल तर अध्यक्षांना आधी इथे पाठवा. त्यांना वारा घालायची व्यवस्था आम्ही करू."

एकाने विचारलंय, मला इंग्रजी येत नाही पण होणाऱ्या सुनेला येतं, तिने माझ्या जागी परीक्षा दिली तर चालेल का? सोबत लग्नपत्रिका. मंडळातल्या सर्वांना सहकुटुंब आमंत्रण.

सेल्वी हसून हसून की-बोर्डवर डोकं टेकून बसली. पडद्यावर चार ओळी ककककक. न. सर बाहेर आले, चष्मा वर केला, पत्र मागून घेतलं आणि आत जाऊन एकटेच हसले. काचेतून दिसत होतं.

८ जाने., रविवार

आज फजिती. लिहूनच ठेवते.

सकाळी खालून हाक. खाली म्हणजे पंजूमामा, माझे घरमालक. खरं नाव पंचापकेश राव. तंजावरकडचे मराठी, सात पिढ्यांपूर्वी आलेले. वय त्रेसष्ट. त्यांची मराठी ऐकली की मला कुठल्या तरी जुन्या बखरीतला माणूस कॉफी विचारतोय असं वाटतं. ते काही विकतात आणि दिवसभर फिरतात, एवढंच मला माहीत होतं. मी सरकारी नोकरीत, एवढंच त्यांना.

ओसरीवर पंधरा-वीस माणसं. मामा सगळ्यांना म्हणाले, "ही आमची वरची मुलगी. शिकलेली. हिचं इंग्रजी फार चोख." मग माझ्याकडे वळून, "बाळ, ते मुंबईचं मंडळ आहे की, त्याच्या अध्यक्षास एक कडक पत्र लिहायाचं आहे. तूं लिहूनशी दे."

सगळे एजंट! मामा आमच्या मैलापूर भागातल्या एजंटांच्या संघाचे सेक्रेटरी!

मी उभीच. शेवटी सांगून टाकलं, की मामा, मी त्याच मंडळात आहे. तुमची पत्रं माझ्याच टेबलावर येतात.

रुक्कुमामी (मामांची बायको) कॉफीचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मला वाटलं, झालं, आता दुसरी खोली बघा.

मग मामा असे हसले की पानाचा तोबरा सांभाळता येईना. "म्हणजे वरच्या मजल्यावर पत्र टाकलं की पोचलं! टपालहशील वांचलं!" ओसरीभर हशा. मामीने पहिला पेला मलाच दिला.

एकच बाई हसली नाही. कोपऱ्यात बसलेली, पन्नाशीची, केसांत भरगच्च मल्लिगै (म्हणजे मोगरा), मांडीवर फुलांची टोपली. कमलाक्का. देवळाच्या तळ्याशी फुलं विकते आणि बारा वर्षं एजंट आहे. पाचवी, तमिळ शाळा. कोळणी, भाजीवाल्या, इस्त्रीवाल्या, सगळ्या तिच्याकडेच पैसे गुंतवतात. ती तमिळमध्ये काहीतरी बोलली. मामांनी सांगितलं : "विचारते आहे, हिचे मोठे साहेब कधी मैलापुरास आले आहेत काय?"

मी म्हटलं, नसावेत.

तिने मान हलवली आणि टोपली उचलून गेली.

१४ जाने. पोंगल

अंगणात भाताचं मडकं उतू गेलं तसे शुभ म्हणून सगळे ओरडले, मीही ओरडले. ऊस, केळीच्या पानावर जेवण, मामीचं गोड पोंगल, वर साखरेची आमटी (आमटीत गूळ नाही, साखर घालतात! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, परत सांग).

जेवताना मामांनी जाहीर केलं : आपण परीक्षेला बसणार. १ एप्रिलच्या आधीच, ज्याला हवी त्याला ती आत्ताही देता येते. मी म्हटलं, मग भांडण कशाला, तुम्हाला तर इंग्रजी येतंच.

"त्यासाठीच. मी न देतां ओरडलों तर तुझे अध्यक्ष म्हणतील, म्हातारा भ्याला. पास होऊनशी ओरडलों तर काय म्हणतील?"

"आणि कमलाक्का?"

"तिच्याचसाठी तर ओरडायाचं आहे."

मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. कोरा फॉर्म, सही, मग तीन वर्षं बाबांचं कुणाशी न बोलणं. मामा खायचे थांबले. म्हणाले, तो मनुष्य इंग्रजी जाणत होता काय?

होता. फाड फाड बोलायचा.

२२ जाने., रवि.

मामांना घेऊन कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये. त्यांनी आयुष्यात माउस धरलेला नाही. कपाळाला विभूती लावून आले. उजव्या हाताने माउस फिरवतात, मग तो हात तसाच ठेवून डाव्या हाताच्या बोटाने दाबतात. वीणा वाजवल्यासारखं. शेजारच्या खुर्च्यांवरची कॉलेजची पोरं आपलं सोडून इकडेच बघत होती. बाण एकदा पडद्याबाहेर गेला तर मामा खाली वाकून टेबलाखाली बघतात!

तास संपेपर्यंत मात्र जमलं. एक पोरगी टाळ्या वाजवायला लागली, मग सगळेच.

परत येताना मला जिगरठंडा (दूध-आइस्क्रीमचं थंड पेय) पाजला. मदुरैचा खरा असा नसतो म्हणाले. पण दोन प्याले प्यायले.

३ फेब्रु.

मामा नापास.

शून्य. नाव टाइप केलं, "सुरू" दाबायचं ते "समाप्त" दाबलं. एका मिनिटात परीक्षा संपली. संध्याकाळी रिक्षातून उतरतानाच हसत होते. "इतक्या वेगाने हिंदुस्थानांत कोणी नापास झालें नसेल. मंडळाने मेडल द्यावें."

मामीला हसू येईना. तिच्या मते परवाना आत्ताच गेला. तिची समजूत घालता घालता हसून माझंच पोट दुखलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा.

१० फेब्रु.

एक्क्याण्णव!!

गल्लीत म्हैसूरपाक. आमच्या ऑफिसातही, मीच नेला, सेल्वीने वाटला. कुणी पास झाला म्हणून मंडळात मिठाई, हे पहिल्यांदाच.

१३ फेब्रु., सोम.

पंजूमामा स्वतः ऑफिसात. पांढरं धोतर, जरीचं उपरणं, हातात लिफाफा. रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, मामा, घरी दिला असतात तरी. "नाही. शिक्का मार." मारला.

पत्र इंग्रजीत, दोन पानं. माझ्यापुरता मराठीत उतारा :

"महोदय, आपल्या परीक्षेत एक्क्याण्णव गुण मिळवलेला माणूस म्हणून लिहितो आहे. परीक्षा सोपी आहे. तिच्यामुळे मला एकही नवी गोष्ट कळली नाही, पण काही वाईटही झालं नाही. तेव्हा परीक्षेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो आपण ती ज्या रीतीने लादलीत त्याला. आपण एकाही एजंटाला बोलावलं नाही. दक्षिणेत आला नाहीत. मुलाखतीत मात्र आम्हां सगळ्यांची लायकी काढलीत. माझ्याहून अधिक जाणणारी एक बाई माझ्या गल्लीत फुलं विकते. तिला आपलं इंग्रजी येत नाही. आपल्याला तिचं तमिळ येत नाही. पण परवाना तिचाच जाणार आहे. हा न्याय कसा, ते समजावून द्यावं. मला शिकायला आवडतं, हे आपण पाहिलंच आहे."

दोनदा वाचलं. मग शिक्का नीट बसलाय ना ते पाहिलं.

१५ फेब्रु.

मुंबईहून मेल. सारांश एका पानात हवा. भाषा संयत. "अध्यक्षांवरील व्यक्तिगत टीका वगळावी."

दिवसभर बसून केला. "भाषेबाबत काही सूचना प्राप्त. वयाबाबत काही सूचना प्राप्त. परीक्षेच्या वेळेबाबत एक सूचना प्राप्त."

सेल्वीने टाइप करता करता विचारलं, "मॅडम, ह्यात मदुरैचे हेडमास्तर कुठे आहेत?"

पहिल्या ओळीत, म्हटलं.

"आणि तुमचे पंजूसर?"

तेही पहिल्याच ओळीत.

तिने एंटर जोरात मारला.

१६ फेब्रु.

सारांशात खोटं काही नाही. तरी दिवसभर चुकल्यासारखं. बाबांनी तेव्हा कंपनीला पाच पत्रं लिहिली होती. उत्तर आलं होतं, "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे." ते कुणीतरी माझ्यासारखीनेच लिहिलं असणार.

नाही पाठवत. अजून तरी.

१९ फेब्रु., रविवार

सेल्वी सकाळी नऊला हजर, नवऱ्याला सांगून आली होती की आज स्वयंपाक तुझा. मामांच्या जेवणाच्या टेबलावर पत्रांचा ढीग. सगळीच्या सगळी इंग्रजीत करायची, शब्दाला शब्द, आणि सारांशाला जोडून पाठवायची. कल्पना माझी. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

सेल्वी वाचणार, मामा योग्य शब्द शोधणार, मी लिहिणार. मामी डोसे घालत होती. एका पत्रात कुणीतरी अध्यक्षांना "विहिरीत पडून आकाश मोजणारा" म्हटलंय. त्यावर मामा आणि सेल्वी यांचं अर्धा तास भांडण : बेडूक आहे की नाही? मूळ पत्रात बेडूक नव्हता. न घालता लिहिलं. मामांना हळहळ.

दुपारी कमलाक्का आली. मला वाटलं, फुलं द्यायला. ती समोर बसली, पदर खोचला आणि सेल्वीला म्हणाली, लिही. तिने अजून पत्र दिलंच नव्हतं. सही करते ती, पण लिहायला वेळ लागतो.

"अय्या, वणक्कम. माझ्या बायका मला विचारतात, परवाना गेला तर आमच्याकडे कोण येणार. मी त्यांना सांगितलं, साहेब येतील. ते खोटं ठरू देऊ नका. कमला."

एवढंच. सेल्वीने विचारलं, आणखी काही? "साहेब कामात असतील. लांब नको."

उठताना माझ्या केसांत गजरा माळून गेली. पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली : "साप्टिया, कण्णु?" जेवलीस का, बाळ. एवढं तमिळ मला येतं. "साप्टेन," म्हटलं. माझा उच्चार ऐकून चौघंही हसली, ती सगळ्यात जास्त.

२१ फेब्रु.

न. सरांपुढे फाइल. वर एक पान, खाली परिशिष्ट, विटेएवढं. सरांनी खुर्ची मागे सरकवली आणि वाचत बसले. जेवणाची सुटी गेली. मधूनच आतून हसू. मधूनच काही नाही.

चार वाजता बोलावलं. "सारांश एका पानात मागितलाय. एकाच पानात आहे. परिशिष्ट जोडू नका असं कुठे म्हटलंय का?"

नाही सर.

"मग नियमात बसतं." सही केली. पेन बंद करून म्हणाले, "चौतीस वर्षं सारांश पाठवतोय मी. कुणी वाचला का, माहीत नाही. हे वाचतील. रागाने का होईना."

पाठवलं. परत येताना भाजी घ्यायची विसरले.

२७ फेब्रु.

मुंबईचा फोन. "हे परिशिष्ट कुणाच्या सांगण्यावरून?" मी म्हटलं, माझी कल्पना. "व्यक्तिगत टीका वगळायला सांगितलं होतं ना?" सारांशातून वगळली आहे, म्हटलं. पलीकडे कुणीतरी खोकलं की हसलं, कळलं नाही.

लेखी खुलासा मागितलाय. सात दिवसांत. माझी नोकरी कायम व्हायला अजून चार महिने आहेत.

न. सर म्हणाले, सही माझी आहे, खुलासाही मी देतो. मी म्हटलं, नको सर, दोघंही देऊ.

आईला फोन केला, सांगितलं नाही. तिला मात्र आवाजावरून कळलं. "काही झालं तर सांगलीला ये. नाहीतर आम्ही तिकडे येतो, ती साखरेची आमटी बघायला."

६ मार्च

खुलासा दिला. अर्धं पान. "पत्रं मंडळाच्या अध्यक्षांना उद्देशून लिहिलेली होती. ती त्यांना पोचवणं हे माझं काम आहे असं मी समजले."

पुढचं त्यांच्या हाती. आज मामीकडून फोडणीचा भात, पोटभर.

९ मार्च

काय सांगू!

अध्यक्षसाहेब येणार. स्वतः. इथे. १८ तारखेला, शनिवारी, एजंटांची खुली सभा. सरांनी फॅक्स दोनदा वाचून दाखवला. सभागृह शोधायचं, खुर्च्या, माइक, दुभाषी. दुभाषी कोण, हे विचारायच्या आधीच सेल्वीने पदर सावरला.

१८ मार्च, शनि.

सगळं लिहायचंय आणि हात दमलाय.

अण्णा नगरचा कल्याण मंडप, म्हणजे मंगल कार्यालय. दुसरा हॉल मिळालाच नाही. काल तिथे लग्न होतं. केळीचे खांब दारात तसेच. अध्यक्षसाहेबांना त्यातूनच आत यावं लागलं. नादस्वरवाले (तिकडचे सनईवाले) आपलं सामान न्यायला आलेले, त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन मिनिटं वाजवलं. सभा अशी सुरू झाली.

फोटोतल्यापेक्षा साहेब लहान दिसतात. हातात आमचं परिशिष्ट. कडेला चिठ्ठ्या लावलेल्या!

पहिला तास गरम. मदुरैचे हेडमास्तर आलेले. त्यांनी सांगितलं, मुलाखतीत तुम्ही जे बोललात ते चूक होतं, नुसतं कडक नव्हे, चूक. पुष्कळ जण उठून उठून तेच बोलले. पंजूमामांनी सर्टिफिकेट वर धरून भाषण केलं. साहेब ऐकत होते, पण चेहरा बंद. उत्तर एकच : लोक फसवले जातात, मला काहीतरी करायला हवं होतं.

ते खोटं नाही. मला बाबा आठवत होते. मी दोन्ही बाजूंना मान डोलवत होते, मूर्खासारखी.

मग कमलाक्का. टोपली घेऊनच माइकपाशी. सेल्वी शेजारी. सभेत हसू, कुजबुज. साहेब म्हणाले, "तुम्हीच ते छोटं पत्र लिहिलंत ना?"

सेल्वीने सांगितलं. कमलाक्का म्हणाली, "आमा." म्हणजे हो.

साहेबांनी विचारलं, बाजार खाली जातो, पैसे कमी होऊ शकतात, हे तुम्ही तुमच्या बायकांना कसं समजावता? परीक्षेतला प्रश्नच तो. खोचक नव्हता, पण परीक्षा होती.

तिने टोपलीतून मूठभर मल्लिगै उचलली. "हिचा भाव सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा, लग्नाच्या महिन्यात तिसरा. माझ्या बायकांना हे मला शिकवावं लागत नाही. मी विचारते, हा पैसा कधी लागणार? पुढच्या महिन्यात फी भरायची असेल तर मी घेत नाही, बँकेत ठेव म्हणते. मुलीचं लग्न सात वर्षांनी असेल तर घेते. आणि सांगते, हे वाढेलच असं कमलाला माहीत नाही. कुणी म्हणालं मला माहीत आहे, तर त्याला दारात उभं करू नको."

सेल्वीने शब्दाला शब्द इंग्रजी केलं.

साहेबांनी परिशिष्टात तिचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. मग म्हणाले, "हे उत्तर आमच्या पुस्तकातल्या उत्तरापेक्षा बरं आहे."

टाळ्या. कमलाक्काने हात वर करून त्या थांबवल्या. तिचं झालं नव्हतं. "आता मी विचारते. साहेबांनी ही परीक्षा दिली आहे का?"

सेल्वीने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे. सर छताकडे. सेल्वीने विचारून टाकलं.

"नाही," साहेब म्हणाले.

अख्खा मंडप हसला. आणि साहेबही! आधी ओठ दाबले, मग जमेना. हसता हसताच खिशातून पेन काढून परिशिष्टाच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. माइक जवळ घेऊन म्हणाले, मुलाखतीतलं ते वाक्य मी बोलायला नको होतं. सरळ, असंच. मग लगेच : "पण परीक्षा मी रद्द करणार नाही." परत गलका. पण आता वेगळ्या जातीचा, घरातल्या भांडणासारखा.

जाताना दारापाशी थांबले. "परिशिष्ट कुणी जोडलं?" मी पुढे झाले. न. सरही त्याच क्षणी पुढे. दोघांचा धक्का लागला. साहेबांनी आम्हां दोघांकडे पाहिलं आणि "हं" म्हणाले. त्या हंचा अर्थ लावण्यात रिक्षातला सगळा वेळ गेला. मामांच्या मते चांगला. सेल्वीच्या मते बदली. कमलाक्का म्हणाली, भूक लागली असेल.

३० मार्च, गुढीपाडवा

नवं परिपत्रक. १ एप्रिलची तारीख पुढे ढकलली, किती ते नाही. तमिळमध्ये परीक्षा "विचाराधीन". नमुना प्रश्नपत्रिका मुंबई तयार करून चेन्नईला तपासायला पाठवणार.

माझा खुलासा? तोही "विचाराधीन". न. सर म्हणाले, आपण सगळे एकाच फाइलमध्ये आहोत, सोबत चांगली आहे.

मामांकडे युगादी, माझा पाडवा. मी काठी आणली, मामीने आपली नवी कांजीवरम दिली. मी नको नको म्हणत होते. गल्लीतले लोक थांबून विचारत होते, आज कुणाची सभा आहे?

कमलाक्का तीन नव्या बायका घेऊन आली. फॉर्म भरून घ्यायला मामांपुढे बसवल्या. एकीच्या फॉर्मवर एक जागा कोरी राहिली होती. कमलाक्काने तो परत घेतला. भरल्याशिवाय सही नाही.

मी आत जाऊन बाबांना फोन केला. फॉर्मचं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंचा आवाज ऐकव की." ऐकवला. एकाला तमिळ येत नाही, दुसरीला मराठी नाही. चार मिनिटं बोलले.

१५ एप्रिल, शनि.

नमुना प्रश्नपत्रिका आली. मुंबईत कुणीतरी शब्दकोश घेऊन भाषांतर केलेलं. सेल्वीने पहिलं वाक्य वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग मामांकडे दिलं. मामांनी चष्मा बदलला. "हें तमिळ आहे? कोणत्या शतकांतलं?" मामी स्वयंपाकघरातून : "मोठ्याने वाचा." वाचलं. तिला वाटलं, श्राद्धाचे मंत्र.

तेव्हा पुन्हा सगळे त्याच टेबलाभोवती. आज न. सरही, पहिल्यांदाच धोतरात. प्रश्न एकेक करून सुधारतोय. लोक बोलतात त्या तमिळमध्ये. सोमवारी पाठवायचंय. मुंबई मान्य करील की नाही, साहेब तोवर त्या खुर्चीत असतील की नाही (पेपरात रोज काहीतरी येतंय), मी इथे असेन की नाही, कशाचाच पत्ता नाही. सेल्वी टाइप करतेय. मामा आणि सर एका विरामचिन्हावरून हमरीतुमरीवर.

कमलाक्काला नमुना म्हणून पेपर सोडवायला बसवलंय. पेन्सिल चावत दहा मिनिटं पहिल्याच प्रश्नावर. सरांनी हळूच विचारलं, उत्तर येत नाहीये का?

"उत्तर येतं," म्हणाली. "प्रश्न चुकलाय. दुसरा विचारा."